तांडेल बदलण्यापूर्वी

धंदा बसला की मालकाचा पहिला हात मॅनेजरच्या गचांडीला जातो. दुकान असो, कारखाना असो, लॉज असो, नियम एकच. गणपतीपुळ्याला मालगुंडच्या वाटेवर माझ्या एका स्नेह्यांचे आठ खोल्यांचे लॉज आहे, खाली खानावळ. दीड वर्षात त्यांनी तीन मॅनेजर बदलले. चौथा शोधून द्या, असा निरोप आला म्हणून मी गेलो. गल्ल्यामागे टीव्हीवर फुटबॉलचा सामना चालू होता आणि हरणाऱ्या संघाचा प्रशिक्षक काठावर उभा राहून हातवारे करीत होता. "याची पण उद्या सुट्टी," स्नेही म्हणाले, "क्लबवाल्यांचे आमच्यासारखेच आहे."

अगदी तसेच आहे. फरक इतकाच की क्लबांचा हिशेब दर आठवड्याला वर्तमानपत्रात छापून येतो आणि आपला वहीत दडून राहतो. म्हणून बुडत्या संघाला नवा माणूस कसा निवडावा, हा प्रश्न आपल्या व्यापारी आणि कारागीर बंधूंनी समजून घेण्यासारखा आहे. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या मुंबईतच घडले.

मुंबई एफसी हा क्लब २००७ साली निघाला आणि कूपरेज मैदानावर खेळू लागला. खालिद जमील तिथे आधी खेळाडू होते आणि २००९ मध्ये प्रशिक्षक झाले. त्यांचा जन्म कुवेतचा, पण खेळाडू म्हणून कारकीर्द घडली ती मुंबईत, महिंद्र आणि एअर इंडियाच्या संघांत. मुंबई एफसीकडे कोलकात्याच्या वा गोव्याच्या मोठ्या क्लबांएवढा पैसा नव्हता. सात वर्षांत त्यांनी क्लबला एकही मोठे अजिंक्यपद दिले नाही, पण एकदाही वरच्या स्पर्धेतून खाली घसरू दिले नाही. २०१६ मध्ये त्यांना निरोप मिळाला. नवा माणूस आणला म्हणजे संघ वर जाईल, असा हिशेब असणार.

तिकडे मिझोरमचा ऐझॉल एफसी २०१५-१६ च्या हंगामात खालून दुसरा येऊन आय-लीगमधून बाहेर पडला होता. गोव्याचे काही क्लब स्पर्धेतून निघून गेले म्हणून त्याला परत जागा मिळाली. या क्लबने मुंबईने सोडलेला माणूस उचलला. त्यांच्याबरोबर मुंबई एफसीत खेळलेले आशुतोष मेहता आणि जयेश राणेही गेले. पुढच्या हंगामात १० संघ होते आणि प्रत्येकाला १८ सामने. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगला शेवटचा सामना १-१ असा सुटला आणि ऐझॉल ३७ गुणांनी अजिंक्य झाला, मोहन बागान ३६ वर राहिला. ईशान्य भारतातल्या क्लबने हे अजिंक्यपद मिळवण्याची ही पहिलीच वेळ. त्याच तक्त्यात सर्वांत खाली, दहाव्या जागी कोण होते? मुंबई एफसी. हंगामाच्या मध्यावर त्यांनी आणखी एकदा प्रशिक्षक बदलून पाहिला होता. त्यानंतर तो क्लब उभा राहिलाच नाही.

यावरून "खालिद जमील यांना आणा आणि जिंका" असा अर्थ कोणी काढला तर तोही फसेल. पुढच्याच वर्षी ते ईस्ट बंगालला गेले. पैसा जास्त, नाव मोठे, गर्दी अफाट, आणि संघ चौथा आला. जानेवारी २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने अर्ध्या हंगामात त्यांच्या हाती संघ दिला, तो त्यांनी उपांत्य फेरीपर्यंत नेला. मग पुरा हंगाम त्यांच्याकडे सोपवला तर संघ ११ मध्ये दहावा. माणूस तोच, अक्कल तीच. दुकान बदलले की उतारा बदलतो. थोड्या भांडवलात, दबलेल्या पोरांना घट्ट बांधून चालवणे हा त्यांचा हातखंडा, आणि जिथे त्याची गरज होती तिथे ते चालले.

इंग्लंडातले एक जुने उदाहरण याहून कडक आहे. ब्रायन क्लफ यांनी १९७२ मध्ये डर्बीला अजिंक्य केले. १९७४ मध्ये लीड्स या त्या वर्षीच्या विजेत्या क्लबने त्यांना नेमले. तिथले खेळाडू आधीच्या मॅनेजरने घडवलेले. क्लफ यांनी आल्या आल्या त्यांना तुमची पदके खोटी आहेत असे सुनावले म्हणतात. ४४ दिवसांत त्यांना घरी पाठवले. जानेवारी १९७५ मध्ये ते नॉटिंगहॅम फॉरेस्ट या दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबात गेले, १९७७ मध्ये तो वर आणला, १९७८ मध्ये इंग्लंडचा विजेता केला आणि १९७९ व १९८० अशी लागोपाठ दोन वर्षे युरोपचा चषक जिंकला. त्यातली एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. डर्बीला त्यांच्या जोडीला पीटर टेलर होते, माणसे पारखण्यात तरबेज. लीड्सला टेलर गेले नाहीत. फॉरेस्टला १९७६ पासून परत आले. मिरकरवाड्याच्या कोणत्याही होडीमालकाला विचारा, चांगला तांडेल गेला की त्याच्यामागे चार खलाशी जातात, आणि एकटा आला तर तो निम्माच आला असे समजायचे. मॅनेजर निवडताना तुमच्याबरोबर कोण येणार, हे आपण विचारतो का?

आता माझ्या स्नेह्यांच्या वहीकडे येऊ. मी तीन वर्षांचा जमाखर्च मागितला. पहिला मॅनेजर जुलैमध्ये काढला होता. जुलैमध्ये पुळ्याच्या किनाऱ्यावर असते काय? पाऊस आणि खवळलेला समुद्र. दुसरा ऑगस्टमध्ये आला, पुढे दिवाळीची सुट्टी लागली, खोल्या भरल्या, स्नेही खूष. फेब्रुवारीत परीक्षांचे दिवस सुरू झाले, गिऱ्हाईक आटले आणि दुसऱ्याची पाळी आली. तिसरा मे महिन्याच्या तोंडावर आला आणि मे संपताच नालायक ठरला. मागच्या दोन वर्षांच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहिले तर तिघांच्या कामात फारसा फरक नव्हता. फरक हवेत होता.

फुटबॉलमध्येही हेच दिसून आले आहे. हॉलंडच्या वरच्या श्रेणीतल्या १९८६ ते २००४ या काळातल्या सामन्यांचा एका अर्थतज्ज्ञाने अभ्यास केला. प्रशिक्षक बदलल्यावर संघ सुधारतो हे खरे. पण तितकीच घसरण होऊनही ज्यांनी प्रशिक्षक बदलला नाही, ते संघही जवळपास तितकेच सुधारले होते. वाईट पंधरवड्यानंतर जाळ्याला मासळी लागतेच. तिचे श्रेय नव्या तांडेलाला जाते, इतकेच.

म्हणजे माणूस कधीच बदलू नये काय? तसे नाही. हात मारणारा, गिऱ्हाइकावर खेकसणारा, कारागिरांना पळवून लावणारा माणूस आज संध्याकाळी काढावा. पण मंदी आणि माणसाचा दोष यांची वेगवेगळी नोंद केल्याशिवाय काढू नये. ऐन हंगामात तर दोनदा विचार करावा. मासेमारीबंदीचे १ जून ते ३१ जुलै हे दिवस तांडेल ठरवण्याचे असतात, त्याला कारण आहे.

भारतीय संघाच्या बाबतीत अलीकडे दोन चुका झाल्या, दोन्ही आपल्या ओळखीच्या. इगोर स्टिमाच २०१९ पासून प्रशिक्षक होते. २०२३ मध्ये त्यांचा करार २०२६ पर्यंत वाढवला आणि जून २०२४ मध्ये त्यांना काढले. कराराचे पैसे मागत ते उभे राहिले आणि महासंघाला सुमारे ४ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवावे लागले. काढायची वेळ आली तर किती महिन्यांचा पगार द्यायचा, हे नेमतानाच लिहून ठेवले पाहिजे. आपल्याकडे तर करार तोंडी आणि उचल मात्र रोख. मग माणूस जातो तेव्हा उचलही जाते, शिवाय भांडण राहते. दुसरी चूक मॅनोलो मार्केझ यांच्या नेमणुकीची. ते एफसी गोवाचे प्रशिक्षक असतानाच देशाचा संघही त्यांच्याकडे दिला. नामांकित गृहस्थ, गोव्यात यश मिळवणारे. भारताच्या ८ सामन्यांत विजय एकच. एक मुनीम दोन पेढ्यांवर बसवला की कोणत्या पेढीचे दिवे जळतात ते सांगायला नको.

त्यानंतर महासंघाकडे १७० अर्ज आले, त्यांतून तीन नावे निवडली गेली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील यांची नेमणूक झाली. १७० अर्जांचा ढीग आपल्यासमोर कधी येणार नाही. आपल्यासमोर येतात ते मेहुणा, मेहुण्याचा दोस्त आणि आखातातून परतलेला शेजारी. त्यांतूनच पारख करायची आहे. मी स्वतः अशा वेळी एवढेच पाहतो की याच्या हाती काय दिले होते आणि त्याने परत किती दिले. शंभर खोल्यांच्या हॉटेलात काउंटरवर उभा राहिलेला माणूस आठ खोल्यांत चादरी मोजायला तयार असेलच असे नाही. आणि त्याच्या जुन्या मालकाला भेटतो. चिठ्ठीवर विसंबत नाही, प्रत्यक्ष जाऊन विचारतो की हा गेल्यावर तुमचे काय अडले. काहीच अडले नाही असे उत्तर आले तर दुसरा बघतो.

हे सारे बोलून झाल्यावर मी स्नेह्यांना एक अवघड प्रश्न विचारला. खोल्यांचे भाडे कोण ठरवते? ते गप्प झाले. भाडे त्यांचे थोरले चिरंजीव फोनवरून ठरवत होते, आणि खानावळीतला माल धाकटे आणत होते. मॅनेजरकडे चाव्या होत्या, अधिकार नव्हता. अशा जागी क्लफही टिकले नसते.

चौथा मॅनेजर मी शोधून दिला नाही. त्यांच्याच खानावळीत अकरा वर्षे काम करणारा एक गृहस्थ आहे, गिऱ्हाईक त्याला नावाने ओळखते. तीन महिने भाडे आणि खरेदी दोन्ही त्याच्या हाती, मुलांनी मध्ये पडायचे नाही, आणि हिशेब मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडायचा, असे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. थोरल्या चिरंजीवांनी अजून कागद वाचलेला नाही.