पाटी-पेन्सिलीची घाई नको!

दरवर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की काही दिवसांतच दवाखान्यात एका ठरावीक तक्रारीची मुले येऊ लागतात. वय तीन-साडेतीन वर्षे. सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखते, क्वचित उलटीही होते. रविवारी मात्र काही दुखत नाही. पोटदुखी म्हटली की जंत, बद्धकोष्ठ, लघवीतला जंतुसंसर्ग हे सर्व आधी तपासलेच पाहिजे. त्यात काही सापडले नाही की मी विचारतो, "शाळेत काय करून घेतात?" उत्तर बहुधा एकच असते, "रोज पानभर लिहायला देतात. ह्याला अजून 'अ'सुद्धा काढता येत नाही, डॉक्टरसाहेब!"

याउलट अंगणवाडीत जाणाऱ्या मुलाची आई म्हणते, "तिथं काय शिकवतात? लेकरू खेळतं, खिचडी खातं अन् घरी येतं." पहिल्या घरी काळजी आहे, दुसऱ्या घरी नाराजी. दोन्हींच्या मुळाशी समज एकच, की लिहिणे म्हणजेच शिक्षण. शरीरशास्त्र मात्र वेगळे सांगते.

हात आधी तयार व्हावा लागतो

आपल्या मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती हाडे नसून मऊ कूर्चा असते. एक-एक करून त्यांचे हाडात रूपांतर होते. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास क्ष-किरण चित्रात साधारण तीनच हाडे दिसतात. सहा-सात वर्षांपर्यंत सात होतात आणि आठवे त्यानंतर काही वर्षांनी येते. बोटांच्या बारीक स्नायूंवरचा ताबाही असाच हळूहळू येतो. आधी खांदा, मग कोपर, मग मनगट आणि शेवटी बोटे असा हा क्रम आहे.

बालरोगतज्ज्ञ मुलाची वाढ पाहताना त्याला आकृत्या काढायला सांगतात. समोरचा गोल पाहून तसा गोल साधारण तिसऱ्या वर्षी काढता येतो, अधिकचे चिन्ह चौथ्या वर्षी आणि त्रिकोण पाचव्या वर्षाच्या सुमारास, कारण तिरपी रेघ सर्वांत अवघड. आता आपला 'अ' किंवा 'क' डोळ्यांसमोर आणा. त्यात वळण आहे, उभा दंड आहे, वर आडवी रेघ आहे आणि हे सारे योग्य जागी जुळायला हवे. ज्याला जेमतेम गोल जमतो त्याच्याकडून हे मागणे म्हणजे नुकत्याच उभ्या राहिलेल्या मुलाला पळ म्हणण्यासारखे आहे. मूल 'ढ' नसते, आपण घाई करत असतो.

मग ताईने शिकवायचे काय?

पुष्कळ काही. माती किंवा कणीक मळताना पंजा बळकट होतो. एका वाटीतले पाणी दुसऱ्या वाटीत न सांडता ओतताना डोळा आणि हात यांचा मेळ बसतो. सदऱ्याची बटणे लावणे, मोठे मणी ओवणे, कागद फाडून चिकटवणे ही खरी लेखनपूर्व तयारी होय. आखलेल्या रेघेवरून चालणे, उड्या मारणे यांनी तोल येतो. तोल सांभाळणाऱ्या मुलालाच पुढे एका जागी ताठ बसता येते.

भाषेचे काम तर त्याहून मोठे. गाणे म्हणून घ्यावे, गोष्ट सांगावी, आणि मुख्य म्हणजे मुलाला बोलू द्यावे. "आज घरी कोण आलं होतं?" असे विचारून उत्तराची वाट पाहणे हाही धडाच आहे. या वयाचे मूल एका कामात काही मिनिटेच रमते. म्हणून चांगली ताई गाण्यानंतर धावण्याचा खेळ घेते आणि खेळानंतर शांत गोष्ट सांगते. बाहेरून पाहणाऱ्याला हा नुसता गोंधळ वाटतो. वीस-पंचवीस लहानग्यांना न ओरडता असे एका कामातून दुसऱ्यात नेणे किती कठीण आहे, हे एखाद्या पालकाने तासभर करून पाहावे!

जेवणापूर्वी साबणाने हात धुणे आणि ठरावीक वेळी लघवीला नेणे हाही अभ्यासक्रमाचाच भाग समजावा. विचारायची भीती वाटली की मुले लघवी-शौच दाबून धरतात. त्यातून बद्धकोष्ठ, लघवीचे विकार आणि पोटदुखी सुरू होते.

एक सावधगिरी मात्र हवी. चिंचोके, शेंगदाणे, हरभरे, छोटे मणी लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकून जीव जाऊ शकतो. साहित्य तोंडात मावणार नाही एवढे मोठे असावे.

बोर्डी-कोसबाडचा धडा

हे विचार परदेशातून आलेले नवे खूळ आहे असे कोणी समजू नये. मारिया माँटेसरी या इटलीतील बाई मूळच्या डॉक्टर. त्यांनी १९०७ साली रोममधील गरीब वस्तीत बालगृह काढले, हे खरे. पण आपल्या मातीत ते काम रुजवले ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ साली डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे त्यांनी काम सुरू केले. पाड्यावरची आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. महागडी साधने नव्हती. पाने, फुले, खडे, शिंपले हेच साहित्य. मुलांची आंघोळ आणि स्वच्छता हासुद्धा शिक्षणाचाच भाग होता. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर वाढले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोहोचला. आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून खेळातून शिक्षणावर भर दिला आहे.

ताईची नजर

डॉक्टर मुलाला दहा मिनिटे पाहतो, ताई रोज काही तास पाहते. म्हणून काही गोष्टी तिच्या लक्षात आधी येतात. हाक मारली तरी वळून न पाहणारे मूल हट्टी नसून त्याला कमी ऐकू येत असेल. तिरळे पाहणाऱ्या किंवा वस्तू डोळ्यांजवळ नेणाऱ्या मुलाचे डोळे लवकर तपासावेत. 'आळशी डोळ्या'वर सात वर्षांच्या आत उपचार झाले तर गुण चांगला येतो. तीन वर्षांच्या मुलाचे बोलणे परक्या माणसाला बरेचसे समजायला हवे. अंगणवाडीतील मुलांच्या तपासणीसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके आहेत. ताईने अशा मुलांची नावे आधीच लिहून ठेवली तर पथकाचा आणि मुलाचा दोघांचाही फायदा होतो.

पालकांनी एवढे करावे

१. पहिले काही दिवस मूल रडेल. त्याची नजर चुकवून पळू नका. "जेवण झालं की न्यायला येते" असे सांगून जा आणि वेळेवर या.

२. तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसह दहा ते तेरा तास झोप हवी. मोबाइल व टीव्ही मिळून दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, दोन वर्षांखालील मुलाला तर अजिबात नको.

३. हळद काढणीच्या दिवसांत आईला उसंत नसते, हे वसमतकरांना सांगायला नको. पण ओट्यावर लसूण सोलायला, शेंगा निवडायला, घड्या घालायला मुलाला जवळ बसवा आणि बोलत राहा. शेंगदाणा तोंडात जाणार नाही एवढी नजर ठेवा.

४. लिहिता येत नाही म्हणून मारू नका, शेजारच्या मुलाशी तुलना करू नका.

५. घरी आल्यावर "आज काय लिहिलंस?" असे विचारू नका. "आज काय खेळलास, कोणतं गाणं म्हटलं?" असे विचारा.

बालवाडी निवडताना भिंतीवरच्या इंग्रजी अक्षरांपेक्षा तिथली ताई मुलांशी कशी बोलते, पाणी-शौचालय कसे आहे, खेळायला जागा आहे का, हे पाहावे. आणि जिथे मूल हसत जाते व दमून घरी येते, त्या ताईकडे कोऱ्या वहीबद्दल तक्रार करू नये. मनगट भरले की अक्षर येणारच आहे, तोपर्यंत शाळेची भीती बसू नये एवढेच आपल्याला सांभाळायचे आहे.