घरांतील ब्रॉडबँडची मंद गति : कारणें व तपासणी



आजकाल पुष्कळ घरांतून एकच गाऱ्हाणें ऐकूं येतें : "इंटरनेट फार हळू चालतें." धड्याची चित्रफीत मध्येंच थबकते, सरावाच्या प्रश्नपत्रिकांची फाइल उतरतां उतरत नाहीं, आणि मग घरांत दोषारोपांस आरंभ होतो. वडील म्हणतात, "हा दिवसभर खेळत बसतो, म्हणून असें होतें." मुलगा म्हणतो, "कंपनीच लबाड आहे." शेवटीं कंटाळून दरमहा अधिक पैसे भरून वरची योजना घेण्यांत येते, आणि कित्येकदां एवढें करूनही गति होती तेथेंच राहते, खर्च मात्र वाढतो. रोगाचें निदान न करतां औषध घेण्याचाच हा प्रकार होय. हें निदान कसें करावें, तें ह्या लेखांत क्रमानें सांगण्याचा विचार आहे. त्यास महागडीं उपकरणें लागत नाहींत. एक वही, एक पेन्सिल, घड्याळ आणि थोडी सबुरी एवढें साहित्य पुरे.

१. मापांची ओळख

जोडणीची गति मेगाबिट ह्या मापानें सांगतात. फाइलचा आकार मात्र बहुधा मेगाबाइट ह्या मापानें दाखविलेला असतो. एक बाइट म्हणजे ८ बिट. म्हणून १०० मेगाबिटांच्या योजनेवर दर सेकंदास १०० मेगाबाइट उतरत नाहींत. फार तर साडेबारा उतरतात. ७०० मेगाबाइटांची एक चित्रफीत घ्या. ७०० गुणिले ८ म्हणजे ५,६०० मेगाबिट. त्यांस १०० नें भागिलें असतां ५६ सेकंद येतात. शिवाय माहिती लहान लहान पुडक्यांनीं येते व प्रत्येक पुडक्यावर पत्ता आणि इतर नोंदी असतात. त्यांचाही भार वाहावा लागतो. तेव्हां प्रत्यक्षांत सुमारें एक मिनिट लागलें, तर तें यथायोग्यच समजावें. ज्यानें ह्याच फाइलीस ७ सेकंद पुरतील अशी अपेक्षा केली, त्याची तक्रार गणितांतच चुकली.

'ब्रॉडबँड' ह्या शब्दाची सरकारी व्याख्याही काळाप्रमाणें बदलत आली आहे. भारतांत २००४ सालीं २५६ किलोबिटांच्या जोडणीसही हें नांव मिळत असे. २०२३ सालापासून किमान २ मेगाबिटांची गति आवश्यक ठरली. केवळ नांवावरून गतीचा अंदाज बांधतां येत नाहीं, तो असा.

२. माहितीचा मार्ग

विहिरीचें पाणी पाटानें मळ्यांत नेणारा शेतकरी, शेवटच्या वाफ्यांत पाणी कमी आलें म्हणून लगेच विहीर खोल करावयास निघत नाहीं. तो पाटाच्या कडेनें चालत जातो आणि बांध कोठें फुटला आहे तें पाहतो. आपणांसही तसेंच करावयाचें आहे. परंतु त्यासाठीं पाट कोठून कोठें जातो, हें ठाऊक पाहिजे.

फाइल ज्या दूरच्या संगणकावर ठेवलेली असते, तेथून ती कंपनीच्या केंद्रापर्यंत येते. केंद्रांतून निघालेला कांचेचा एक तंतु, म्हणजे फायबर, वाटेंत फांटे फुटून अनेक घरांस जातो. बहुतेक ठिकाणीं वापरण्यांत येणाऱ्या एका पद्धतींत अशा तंतूंतून दर सेकंदास सुमारें २,५०० मेगाबिट उतरतात, व ते साधारणतः ३२ किंवा ६४ घरांत वांटले जातात. घरांत आल्यावर प्रकाशाचे संकेत एका लहान पेटींत विद्युत्संकेतांत बदलतात. तेथून ते राउटरकडे आणि राउटरकडून तारेनें अथवा वाय-फायनें आपल्या यंत्राकडे जातात. ह्या सर्व मार्गांत जो भाग अत्यंत अरुंद, त्याचीच गति सबंध मार्गाची गति होते. हें एक सूत्र ध्यानीं धरिलें, म्हणजे पुढील सर्व पायऱ्या आपोआप उलगडतात.

३. पहिली परीक्षा : राउटरपाशीं

प्रथम घरांतील इतर सर्व यंत्रांचें इंटरनेट बंद करावें. नंतर एक संगणक तारेनें थेट राउटरला जोडावा व गति मोजावी. तारेचा संगणक नसेल, तर राउटरच्या खोलींतच, ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर फोनानें मोजावी. मात्र ही परीक्षा तारेइतकी निर्णायक नव्हे. सकाळीं, दुपारीं व रात्रीं ९ वाजतां अशा तीन वेळां मोजून वहींत लिहावी. मग ज्या खोलींत तक्रार आहे तेथें, नेहमींच्याच यंत्रावर, त्याच तीन वेळां मोजावी.

समजा, १०० मेगाबिटांच्या योजनेवर तारेनें ९३ आले, आणि मागच्या खोलींत वाय-फायनें १४ आले. ह्यावरून काय सिद्ध झालें? कंपनीचें पाणी दारापर्यंत पुरेपूर येत आहे. बांध घरांतच फुटला आहे. वर सांगितलेली ७०० मेगाबाइटांची चित्रफीत राउटरपाशीं एका मिनिटांत उतरेल. मागच्या खोलींत तीस ४०० सेकंद, म्हणजे ६ मिनिटें ४० सेकंद लागतील. अशा घरानें ३०० मेगाबिटांची योजना घेतली, तरी मागच्या खोलींत बहुधा १४ च येतील. वाढीव पैसे गेले ते व्यर्थ.

४. दोष वाय-फायचा असल्यास

वाय-फाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालतें. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी दूरवर जातात व भिंतींतून त्यांतल्या त्यांत बऱ्या पार होतात. परंतु त्या पट्ट्यांत शेजारच्या घरांचीही गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झच्या लहरींनीं गति पुष्कळ मिळते, पण भिंती आड आल्या कीं त्या लवकर क्षीण होतात. म्हणून राउटरच्या खोलींत दुसरा पट्टा व दूरच्या खोलींत पहिला, ही ढोबळ रीति चांगली.

राउटर कोठें ठेवावा, ह्याकडे फारच थोडे लोक लक्ष देतात. पुष्कळ घरांत तो कपाटांत, दूरचित्रवाणीच्या मागें किंवा कोपऱ्यांत जमिनीलगत पडलेला असतो. लोखंडी कपाट, आरसा, सळयांचें काँक्रीट आणि पाण्याची टाकी ह्या सर्व वस्तु लहरींस अडवितात. राउटर घराच्या मध्यभागीं, उंचावर व मोकळ्या जागीं ठेवावा. स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह ओव्हनही सुमारें २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो. तो चालू असतां त्याच्याजवळ पहिल्या पट्ट्याची गति ढासळली, तर नवल मानूं नये. २.४ च्या पट्ट्यांत १, ६ व ११ ह्या तीन वाहिन्या एकमेकींवर चढत नाहींत. शेजाऱ्यांनीं ज्या कमी व्यापिल्या असतील, तींतील एक राउटरमध्यें निवडावी. एवढें करूनही मागची खोली कोरडीच राहिली, तर तेथपर्यंत तार ओढणें हा सर्वांत खात्रीचा उपाय होय.

५. तारेवरही गति कमी आल्यास

येथें चार कारणें पाहावींत.

पहिलें कारण स्वतः तारच. तिच्या पोटांत आठ लहान तारा असतात. १,००० मेगाबिटांच्या जोडणीस त्या आठही लागतात. १०० मेगाबिटांस चारच पुरतात. उरलेल्यांपैकीं एक जरी तुटली, तरी जोडणी बंद पडत नाहीं. ती मुकाट्यानें १०० वर उतरते. म्हणून योजना मोठी असूनही आंकडा नेहमीं ९४ च्या आसपासच अडकत असेल, तर तार बदलून पाहावी. राउटरचें छिद्रच १०० मेगाबिटांचें असलें, तरीही असेंच होतें.

दुसरें कारण घरांतून बाहेर जाणारी माहिती. फोन आपली छायाचित्रें कोणास न सांगतां दूरच्या संगणकाकडे पाठवीत असतो. उतरणाऱ्या माहितीची पोच परत पाठवावी लागते; बाहेरचा मार्गच तुंबला, कीं पोच अडकते आणि उतरणेंही मंदावतें. येथें मुलाच्या खेळापेक्षां वडिलांच्या फोनांतील छायाचित्रेंच अपराधी ठरण्याचा संभव असतो! म्हणून कोणावर ठपका ठेवण्यापूर्वीं एकेक यंत्र बंद करून मोजावें.

तिसरें कारण मर्यादा. कित्येक योजनांत महिन्याचा ठराविक सांठा संपल्यावर गति मुद्दाम कमी केली जाते. महिनाअखेरीसच तक्रार उद्भवत असेल, तर करारांतील ही अट वाचावी.

चवथें कारण बाहेरचें. सकाळीं पूर्ण गति व रात्रीं ९ वाजतां तिचा चतुर्थांश, असें रोज घडत असेल, तर कंपनीच्या सामायिक मार्गावर गर्दी आहे. सर्वकाळच गति कमी असेल, तर फायबर कोठें मुरडला आहे काय, तें पाहावें. तीव्र वळणांतून प्रकाश बाहेर झिरपतो. पेटीवर तांबडा दिवा लुकलुकत असेल, तर प्रकाश पोंचतच नाहीं असें समजावें. तुटलेल्या फायबरच्या टोकाशीं मात्र कधींही डोळा नेऊं नये. त्यांतील किरण डोळ्यांस दिसत नाहींत, पण अपाय करूं शकतात.

६. एकाच ठिकाणची मंदगति

सर्वत्र गति उत्तम असून एकाच ठिकाणची फाइल रखडत असेल, तर दोष बहुधा त्या दूरच्या संगणकाचा. दुसऱ्या ठिकाणची फाइल उतरवून ताळा पाहावा. एकाच फोनावर तक्रार असेल, तर दोष त्या फोनाचा. पुष्कळ जुन्या फोनांस ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मुळींच दिसत नाहीं.

७. तक्रार कशी करावी

दोष कंपनीकडे आहे असें सिद्ध झाल्यावर वही पुढें करावी : तारीख, वेळ, तारेवरील गति, किती यंत्रें चालू होतीं. "फार हळू चालतें" ह्या शब्दांस उत्तर देणें सोपें असतें. सात दिवसांच्या आंकड्यांस तसें नसतें. तक्रारीचा नोंदणी क्रमांक अवश्य मागून घ्यावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ सालच्या नियमांनीं ग्राहकास असा क्रमांक मिळण्याचा, आणि समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे दाद मागण्याचा हक्क दिला आहे.

सर्व तपासणींत एक नियम पाळावा : एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, मग मोजावें, मग लिहावें. राउटर हलविला, तार बदलली व वाहिनीही बदलली, आणि गति वाढली, तर कशानें वाढली हें कधींच कळणार नाहीं. प्रयोगशाळेंत आपण हाच नियम शिकतों. तो तेथेंच ठेवून घरीं यावयाचें नसतें. जो मुलगा मोजून बोलतो, त्याचें बोलणें घरांत ऐकलें जातें. आणि जेथें मोजून पाहण्याची संवय लागते, तेथें विनाकारण कोणावर आळ येत नाहीं.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. ४० मेगाबिटांच्या योजनेवर ६०० मेगाबाइटांची फाइल उतरण्यास कमींत कमी किती सेकंद लागतील?

२. योजना ३०० मेगाबिटांची. तारेनें गति नेहमीं ९४. दोन संभाव्य कारणें सांगा व त्यांतील खरें कोणतें, हें कसें ठरवाल तें लिहा.

३. आपल्या घराचा नकाशा काढा. प्रत्येक खोलींत गति मोजून ती नकाशांत भरा. मग राउटरची जागा बदलून पुन्हां मोजा, आणि दोन्ही नकाशे आपल्या पालकांस दाखवा.