स्मार्टफोन घेण्यापूर्वी रेंजची पारख

स्मार्टफोन विकत घेताना शेतकरी बहुधा किंमत पाहतो. आपल्या शेतावर कोणत्या कंपनीची रेंज पोहोचते, हे पाहत नाही. मग ई-पीक पाहणीची नोंद पाठविण्याच्या किंवा बँकेचा संदेश येण्याच्या वेळी काम अडते.

७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर जातात. ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरी अधिक वेग देतात, परंतु थोड्या अंतरात क्षीण होतात. म्हणून तालुक्याच्या बाजारात उत्तम चालणारी सेवा शिवारात चालेलच असे नाही.

यास्तव पुढीलप्रमाणे करावे :

१. निरनिराळ्या कंपन्यांची सिम असलेले शेजाऱ्यांचे फोन घेऊन घर, विहीर व बांध येथे सकाळ-सायंकाळ बोलून पाहावे.

२. जिओची सेवा ४जी व ५जीवरच चालते. केवळ २जीचा जुना फोन तिला निरुपयोगी होय.

३. शक्यतो दोन सिमचा फोन घ्यावा.

कंपनी बदलली तरी क्रमांक तोच ठेवता येतो. त्यासाठी रोमन लिपीत ‘पोर्ट’ हा शब्द व आपला क्रमांक लिहून १९०० वर संदेश पाठवावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही पारख शेतकऱ्यांस प्रत्यक्ष शिवारात करून दाखवावी.