परगावी गेल्यावर

मंडळी, प्रवासाची हौस कोणाला नसते? कोणी पंढरीला जातो, कोणी सप्तशृंगीच्या गडावर. कोणाचा मुलगा पैसे साठवून आईबापांना काशीला धाडतो. दुबई, सिंगापूर पाहून आलेली माणसेही आता गावोगाव भेटतात. फराळाचे डबे भरले, तिकिटे काढली, की झाली तयारी. पण आपण ज्या गावी जातो, ते गाव कोणाचे तरी घर असते. तिथे आपण पाहुणे.

पाहुण्याची सोय कशी करावी, ह्याचा एक जुना लेख आमच्या नाशिकला आहे. शहरापासून मुंबईच्या रस्त्याने सुमारे 8 किलोमीटर गेले, की त्रिरश्मी डोंगर लागतो. त्यात 24 लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा तिथे काही संबंध नाही. ती बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत. 10 नंबरच्या लेण्यात ओसरीच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीतला लेख आहे. तो सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा. नहपान नावाच्या क्षत्रप राजाचा जावई उषवदात, त्याने केलेल्या दानांची ही नोंद आहे.

काय काय दिले त्याने? तापी, दमणगंगा अशा नद्यांवर उतारूंसाठी फुकट नावा ठेवल्या. नदीच्या दोन्ही काठांवर टेकायला सभा आणि पाणी प्यायला प्रपा बांधल्या. आपल्या 'पाणपोई' ह्या शब्दातली 'पोई' म्हणजे ती प्रपाच. बोलता बोलता शब्द झिजला, इतकेच! भडोच, सोपारा, नाशिकजवळचे गोवर्धन अशा ठिकाणी त्याने धर्मशाळा बांधल्या, विहिरी खोदल्या.

आणखी एक गोष्ट बघा. गोवर्धनच्या विणकरांच्या संघाकडे त्याने 2000 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमची ठेव म्हणून ठेवली. व्याज दरमहा शेकडा 1. आता पाटी घ्या आणि हिशेब करा. महिन्याचे व्याज 20, वर्षाचे 240. लेखात म्हटले आहे, की पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या 20 भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी 12 कार्षापण द्यावे. 20 बारे किती? 240. हिशेब अगदी चोख जुळतो. चारी दिशांकडून पायी येणाऱ्या भिक्षूंच्या अंगावरच्या वस्त्राची तरतूद अशी करून ठेवली होती.

पाहुणा आला की त्याचा खर्च कोणाच्या तरी पदरी पडतोच. तेव्हा तो राजाच्या जावयाने उचलला. आज गावची नगरपालिका उचलते, देवस्थान उचलते, आणि पहाटे उठून घाट झाडणारी माणसे उचलतात. इटलीत व्हेनिस नावाचे पाण्यात वसलेले शहर आहे. तिथे पाहुण्यांची इतकी रीघ लागली, की 2024 साली दिवसापुरते येणाऱ्यांवर गर्दीच्या दिवसांसाठी 5 युरोंची पट्टी बसवली. गाव कंटाळते हो!

आता पाहुण्याची बाजू पाहू. जुनी भिंत दिसली, की काही जणांचा हात शिवशिवतो. खिळ्याने आपले नाव, बदामाचे चित्र, तारीख कोरून येतात. पांडवलेणी हे केंद्र सरकारने संरक्षित केलेले स्मारक आहे. अशा स्मारकाची खराबी केली, तर 2010 साली दुरुस्त केलेल्या कायद्याप्रमाणे 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

नदीचेही तेच. गोदावरी त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि 1465 किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. नाशिक तिच्या अगदी सुरुवातीला आहे. रामकुंडात स्नान करणारा मनुष्य साबण लावतो, निर्माल्याची पिशवी पिशवीसकट सोडतो, जुने धोतरही सोडून जातो. त्याला वाटते, गंगामाईने नेले. नेले खरे, पण कुठे? पुढे पैठणला जायकवाडीचे धरण आहे. त्याचे पाणी छत्रपती संभाजीनगरची माणसे पितात. 2015 च्या सिंहस्थात दुष्काळ होता. तेव्हा स्नानासाठी गंगापूर धरणाचे पाणी सोडण्यावरून वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. पाणी इतके मोलाचे आहे. फुले वाहायची तर वाहा, पण घाटावरच्या निर्माल्य कलशात. पिशवी घरी परत न्या.

त्र्यंबकच्या वाटेवर उन्हाळ्यात आदिवासी बाया करवंदांचे द्रोण घेऊन बसतात. काटेरी जाळीतून एकेक करवंद तोडावे लागते. मोटारीतून उतरलेला गृहस्थ तिथे पाच रुपयांसाठी हुज्जत घालतो, आणि पुढच्या हॉटेलात चहाला मागतील तितके मुकाट्याने देतो. मला हे फार खटकते.

सर्वांत मोठी जबाबदारी गर्दीतली. 27 ऑगस्ट 2003 रोजी नाशिकच्या सिंहस्थात चेंगराचेंगरी झाली आणि 39 भाविक मेले. रामकुंडाकडे जाणारी वाट अरुंद आणि उताराची. मिरवणुकीतून चांदीची नाणी उधळली गेली, आणि ती उचलायला माणसे वाकली, असे तेव्हा सांगण्यात आले. बंदोबस्त कसा होता, हा प्रश्न वेगळा, आणि त्याचा जाब सरकारलाच द्यावा लागतो. पण मागून रेटणारा माणूस हा आपल्यासारखाच कोणी यात्रेकरू असतो. त्याला पुढे काय चालले आहे ते दिसत नाही.

2027 साली नाशिकला सिंहस्थाची स्नाने आहेत. तुम्ही आलात, तर पर्वणीच्याच दिवशी आले पाहिजे, असा हट्ट धरू नका. सिंहस्थ एका दिवसाचा नसतो. पर्वणी सोडून आलात, तर म्हातारी माणसेही निवांत स्नान करतील. गर्दीत थांबा म्हटले, की थांबा. काही खाली पडले, तर वाकू नका. मूल बरोबर असेल, तर त्याचे नाव, गाव आणि फोन नंबर कागदावर लिहून त्याच्या खिशात ठेवा. आता तुम्हाला लिहिता येते, तेव्हा दुसऱ्या कोणाकडे जायला नको. अक्षर मोठे काढा, आणि कागद पावसाने भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळा. सिंहस्थाची मोठी स्नाने ऐन पावसात येतात.