प्रतिकृतीतील प्रमाणाचा धडा

कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या फोर्ड मोटारींचे अनावश्यक भाग काढून, इंजिनाची शक्ती वाढवून त्या शर्यतीस सज्ज करीत. त्यांना 'हॉट रॉड' म्हणत. त्यांच्या प्रतिकृती सुट्या प्लॅस्टिक भागांच्या संचातून जोडता येतात. आपल्या सिल्वासा परिसरातील कारखान्यांप्रमाणेच, वितळलेले प्लॅस्टिक साच्यात दाबून हे भाग घडवितात.

पुष्कळ संचांचे प्रमाण एकास पंचवीस असते. १९३२ च्या फोर्डच्या दोन आसांतील अंतर १०६ इंच. प्रतिकृतीत ते ४.२४ इंच येते. रंगाचा थर मात्र आपोआप लहान होत नाही. ०.१ मिलिमीटरचा थर म्हणजे खऱ्या मोटारीवर अडीच मिलिमीटरांचा लेप! त्यात दारांच्या फटी बुजतात. म्हणून रंग पातळच लावावा. जोडणीचा द्रवही बेताने वापरावा. तो पॉलिस्टायरीन विरघळवून भाग एकजीव करतो, त्यामुळे ओघळाचा डाग कायम राहतो.

जुना संच जोडला की संग्राहकांच्या लेखी त्याचे मोल घटते. न उघडता ठेवला तर हात शिकत नाही. तेव्हा विद्यार्थ्याने सराव नव्या, स्वस्त संचावर करावा आणि हात बसल्यावरच जुने खोके उघडावे.