घरच्या घरी कागदी भेट-डबे : फुलाआधी हिशेब

आपल्या घराघरांत हाताला सलीका असलेल्या मुली आणि भगिनी पुष्कळ आहेत. मेहंदी, जरीकाम, क्रोशा, कागदी फुले, काय येत नाही? लग्नसराईत रुखवत सजवायचे असो की सांचकचा जोडा पाठवायचा असो, मोहल्ल्यातून त्यांनाच बोलावणे जाते. पण या कलेतून घरात चार पैसे येतात का, असे विचारले तर बहुतेक ठिकाणी उत्तर नाही असेच मिळते. असे का होते, ते आम्ही आज एका छोट्या वस्तूच्या आधारे समजून घेणार आहोत. ती वस्तू म्हणजे सजावटीचा कागदी भेट-डबा.

आम्ही हिमायतनगरात कापडाचा व्यापार करतो. डबे बनवणारे आम्ही नव्हे, घेणारे आहोत. म्हणून घेणाऱ्याची नजर कशी असते, तेही सांगू.

धंदा आजच का?

1 जुलै 2022 पासून देशभर एकदाच वापरायच्या काही प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली. त्या यादीत मिठाईच्या डब्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळायची प्लॅस्टिकची झिल्ली आहे, तसेच सजावटीचा थर्माकोलही आहे. महाराष्ट्रात तर 2018 पासूनच प्लॅस्टिक आणि थर्माकोलवर निर्बंध आहेत. म्हणजे मिठाईवाला, सुक्या मेव्याचा दुकानदार, बांगडीवाला, अत्तरवाला, गणपतीची आरास करणारा, सगळ्यांना कागद आणि पुठ्ठ्याकडे वळावे लागते. ही जागा मोठ्या शहरातल्या कारखान्यांनीच भरावी असे नाही. शंभर-दोनशे नगांची ऑर्डर कारखाना सहसा घेत नाही. ती घरातूनच पुरी होऊ शकते.

कागदाचे काम आपल्या मराठवाड्याला नवेही नाही. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे नावच कागद बनवणाऱ्यांवरून पडले. मुहम्मद तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली, तिच्यामागोमाग कागदी कारागीर आले, असे तिथे परंपरेने सांगितले जाते. हातकागद आजही मिळतो, पण महाग पडतो. डब्यावर एखादी पट्टी लावायला तो शोभतो, अख्खा डबा मात्र साध्या कार्डशीटचाच करावा.

साहित्य आणि कागदाची पारख

स्टीलची पट्टी, कटर, काटकोन तपासायला गुण्या, घडीची रेघ दाबायला शाई संपलेले बॉलपेन, फेविकॉल आणि कपड्यांचे दहा-बारा चिमटे. सुरुवातीला एवढे पुरे. मशीन घेऊ नये आणि मशीनसाठी कर्ज तर मुळीच काढू नये.

कार्डशीट 22 बाय 28 इंचाचे मिळते. डब्यासाठी 300 जीएसएमचे मागावे. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममध्ये वजन. दुकानदार सांगतो तेवढा जाड कागद आहे की नाही, हे तराजू सांगतो. या मापाचे 300 जीएसएमचे एक शीट साधारण 120 ग्रॅम भरते, दहा शीटे जवळपास 1 किलो 200 ग्रॅम. दहा शीटे किलोभरच भरली तर समजावे की माल 250 च्या आसपासचा आहे.

दुसरी पारख कापडवाल्यांना लवकर कळेल. कापडाला जसा ताणा आणि बाणा, तशी कागदालाही दिशा असते. कागद फाडून पाहावा. एका दिशेने तो सरळ फाटतो, दुसऱ्या दिशेने वेडावाकडा. ज्या दिशेने सरळ फाटतो, त्या दिशेची घडी साफ बसते. आडव्या दिशेची घडी नीट दाबली नाही तर तिथे कागद तडकतो. म्हणून डब्याच्या लांब बाजूंच्या घड्या शक्यतो सरळ दिशेने ठेवाव्यात आणि आडव्या घडीवर पेन दोनदा फिरवावे.

डब्याची कृती

आपण 6 बाय 4 इंचाचा, दीड इंच उंचीचा, वेगळ्या झाकणाचा डबा घेऊ. सुका मेवा, बांगड्या, अत्तराची बाटली, संक्रांतीचे वाण, सगळ्याला हे माप चालते.

तळाचा भाग : 9 बाय 7 इंचाचा तुकडा कापावा. चारही बाजूंनी दीड इंच आत रेघा दाबाव्यात. मधोमध 6 बाय 4 चा तळ राहील आणि चार कोपऱ्यांत दीड इंचाचे चार चौकोन. प्रत्येक चौकोनाची एकच बाजू कापावी, दुसरी घडीसाठी ठेवावी. भिंती उभ्या करून चौकोन आतून चिकटवावेत आणि वाळेपर्यंत चिमटा लावावा.

झाकण : येथेच नवशिके चुकतात. झाकण तळाच्याच मापाचे केले तर ते बसत नाही. लांबी आणि रुंदी दोन्हीकडे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, वाढवावे. भिंत एक इंच ठेवली तर तुकडा 8 इंच 1 सूत बाय 6 इंच 1 सूत होतो. तळावर बाहेरून जाड कागद किंवा कापड चढवायचे असेल तर दोन सूत वाढवून आधी एक नमुना करून पाहावा.

सजावट : दीड-दोन फुले, एक पट्टी, एक रिबन याच्यावर जाऊ नये. फुलाची सोपी तऱ्हा अशी. एक इंच रुंद, बारा इंच लांब पातळ रंगीत कागदाच्या पट्टीला पाव इंचाच्या उलटसुलट घड्या घालाव्यात, दोन टोके चिकटवावीत आणि गोल दाबून मधोमध टिकली लावावी. दोन इंचांची चकती तयार होते. हीच चकती मोठी केली तर पताकेला, आकाशकंदिलाला आणि आरासीलाही चालते.

दोन गोष्टींची खबरदारी घ्यावी. खाण्याची वस्तू ठेवायची असेल तर आत खाद्यपदार्थांसाठीचा कोरा कागद अंथरावा. वर्तमानपत्र कधीही नको, त्याची शाई पोटात जाते. आणि मैद्याची खळ वापरत असाल तर कीड लागू नये म्हणून तिच्यात जे मोरचूद घालतात ते खाऊच्या डब्याला चालणार नाही. ते विष आहे.

अर्ध्या इंचाची किंमत

आता कागद किती लागतो ते पाहू. 22 बाय 28 च्या शीटमधून 9 बाय 7 चे नऊ तुकडे निघतात : रुंदीत तीन, लांबीत तीन. झाकणाचेही नऊच निघतात. म्हणजे दोन शीटांत नऊ डबे. झाकणाच्या शीटमधून दोन बाजूंना साडेतीन इंचांहून थोडी जास्त रुंद पट्टी उरते. ती फेकू नये, तिच्यातून नावाच्या चिठ्ठ्या आणि चांदण्या होतात.

समजा गिऱ्हाईक म्हणाले, डबा जरा मोठा हवा, साडेसहा बाय साडेचारचा करा. अर्ध्या इंचाने काय होते, असे वाटते. पण तळाचा तुकडा साडेनऊ बाय साडेसात होतो आणि एका शीटमधून नऊच्या जागी सहाच निघतात. तळाच्या कागदाचा खर्च थेट दीडपट! म्हणून माप आधी शीटवर बसवून पाहावे, मगच भाव सांगावा. कापडात आम्ही ब्लाउज पीस काढताना हेच करतो.

आमची चूक

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगतो. काही वर्षांपूर्वी लग्नाच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाला आम्हाला साड्यांबरोबर लहान डबे द्यायचे होते. मोहल्ल्यातील एका भगिनीने नमुना आणला. काम सुरेख होते. तिने 18 रुपये सांगितले. आम्ही व्यापारी माणसे, सवयीने 15 वर आणले. तिने शंभर डबे वेळेवर दिले. आम्ही खूश झालो.

पुढच्या हंगामात पुन्हा निरोप पाठवला तर ती म्हणाली, "भाईजान, आता मी डबे करत नाही. कापूस वेचायला जाते. तिथे दिवसाची मजुरी तरी ठरलेली असते."

हे ऐकून आम्हाला वाईट वाटले आणि थोडा रागही आला. मग रात्री दुकान बंद केल्यावर तिच्या डब्याचा हिशेब तिने नव्हे, आम्हीच मांडला. तिला विचारून घेतलेले आकडे असे होते : कार्डशीट 4 रुपये 50 पैसे, रंगीत कागद 2 रुपये 50 पैसे, रिबन-लेस 2 रुपये, गोंद आणि ब्लेड 1 रुपया. एका डब्याला 10 रुपये सामान. दहा डब्यांत एक तरी बिघडतो. म्हणजे दहा डब्यांचे सामान 100 रुपये आणि विकले जाणारे डबे नऊ. 15 रुपयांनी त्यांचे 135 झाले. उरले 35.

एका डब्याला तिला 25 मिनिटे लागत. दहा डब्यांना चार तास दहा मिनिटे. म्हणजे तासाला साडेआठ रुपयेही तिच्या हाती पडले नव्हते. तिने मागितलेले 18 दिले असते तरी तासाला 15 च्या आतच राहिले असते. म्हणजे आम्ही घासाघीस केली ती चूक होतीच, पण तिने सांगितलेला भावही तिच्या स्वतःच्या मेहनतीला धरून नव्हता. तिने सामान मोजले होते, वेळ मोजला नव्हता. आणि आम्ही दोन्ही मोजले नव्हते.

भाव कसा काढावा?

सूत्र सोपे आहे. दहा नगांचे सामान अधिक दहा नगांची मजुरी, भागिले नऊ. समजा तासाला 40 रुपये मजुरी धरली. चार तास दहा मिनिटांचे सुमारे 167 रुपये, सामान 100, एकूण 267. नऊने भागले तर डबा 30 रुपयांना पडतो. हा भाव आमच्या गावात लगेच कोणी देणार नाही, हे खरे. मग मजुरी कमी करावी का? नाही. वेळ कमी करावा.

एक-एक डबा पूर्ण करत बसू नये. जाड पुठ्ठ्याचा एक फर्मा करून ठेवावा. आज सगळी शीटे कापावीत, उद्या सगळ्या रेघा दाबाव्यात, परवा सगळे कोपरे चिकटवावेत. फुले संध्याकाळी बोलत-बसत वेगळी करून ठेवावीत, मात्र त्याचाही वेळ लिहावा. अशा थप्पीच्या कामात 25 मिनिटांचा डबा 15 मिनिटांवर आणता येतो. मग दहा डब्यांना अडीच तास, मजुरी 100, सामान 100, भागिले नऊ : सुमारे 22 रुपये. हा भाव बाजारात चालतो आणि मजुरी तासाला 40 चीच राहते.

लक्षात घ्या, कागद स्वस्त मिळवून एका डब्यामागे फार तर आठ आणे-रुपया वाचतो. वेळेच्या शिस्तीने साडेसात रुपये वाचतात. म्हणून वहीत सामानाशेजारी वेळेचा रकाना हवाच. आकडे ज्याचे त्याने आपल्या गावाचे घालावेत, पद्धत हीच ठेवावी.

घेणारा काय पाहतो?

पहिले, शंभराच्या शंभर डबे एकाच मापाचे आहेत का. दुसरे, झाकण सैल किंवा घट्ट नाही ना. तिसरे, माल ठरल्या तारखेला येतो का. फुलाकडे नजर जाते ती या तिघांनंतर. नमुन्याचा एक डबा दुकानदाराकडे आणि एक स्वतःकडे ठेवावा, म्हणजे नंतर वाद होत नाही. ऑर्डर घेताना निम्मी रक्कम आगाऊ मागावी. यात लाजण्यासारखे काही नाही, आम्ही कापडवालेही सुरतेच्या मालाला आधी पैसे पाठवतोच.

हंगामाचे कॅलेंडर भिंतीवर लावावे. संक्रांत जानेवारीत, मग लग्नसराई, गणपती, दिवाळी. ईद मात्र दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी आधी येते, तेव्हा मागच्या वर्षीच्या तारखेवर विसंबू नये. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि डबे वाकतात. तयार माल पत्र्याच्या पेटीत, वर वजन ठेवून ठेवावा.

राज्यातल्या राज्यात माल विकत असाल आणि वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. आपल्याकडून किनवटमार्गे आदिलाबाद जवळ आहे, पण ते तेलंगणात येते. राज्याबाहेर माल पाठवायचा तर नियम वेगळे असतात, आधी कर सल्लागाराला विचारावे. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. त्यासाठी कोणाला पैसे देऊ नयेत. पाच-सात जणी मिळून बचत गटातून काम केले तर सामान नांदेडहून एकत्र, घाऊक भावाने आणता येते.

शेवटी दोन शब्द

त्या भगिनीशी आम्ही पुढे बसून हाच हिशेब केला. फर्म्यावर काम सुरू झाल्यावर तिने 22 रुपये सांगितले आणि आम्ही ते दिले. गिऱ्हाइकाच्या बिलात तो फरक कोणाच्या लक्षातही आला नाही.

भगिनींना आमचे सांगणे एवढेच, की पहिला डबा करण्याआधी वही करा. आणि आमच्या व्यापारी बंधूंना सांगणे असे, की घरून आलेल्या मालाचा भाव पाडण्याआधी तो करायला किती वेळ लागला हे एकदा विचारा. कारागीर टिकला तरच पुढच्या हंगामात माल मिळेल, नाहीतर निरोप घेऊन गेलेला पोरगा रिकाम्या हाताने परत येईल.