त्वचारेखांचे अभ्यासक डॉ. हॅरॉल्ड कमिन्स

बोटांवरील शंख-चक्रे मोजून मुलाचे भाग्य सांगण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. त्याच रेषांचा शारीरशास्त्राच्या दृष्टीने आयुष्यभर अभ्यास करणारे डॉ. हॅरॉल्ड कमिन्स मात्र आपणांस फारसे परिचित नाहीत. नांदेड व लातूर येथे अलीकडे त्यांचे नाव भलत्याच कामी वापरले जात असल्याचे आमच्या पाहण्यात आल्याने हा परिचय अगत्याचा वाटतो.

कमिन्स यांचा जन्म १८९३ चा. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथील टुलेन विद्यापीठात ते शारीर विषयाचे प्राध्यापक होते. ठशांवरून माणूस ओळखण्याची पद्धत तोवर रूढ झाली होती. आपल्याच देशात कलकत्त्यास १८९७ मध्ये ठशांचे कार्यालय निघाले आणि अझिझुल हक व हेमचंद्र बोस यांनी वर्गीकरणाचे मोठे काम केले. कमिन्स यांचा प्रश्न निराळा होता. ह्या रेषा अशाच का वळतात? त्याकरिता त्यांनी जन्मतः विकृत हात तपासले. जास्तीचे बोट, जुळलेली बोटे, अपुरा पंजा, अशा हातांचा आकार जेथे बदलला होता तेथे रेषांची दिशाही बदललेली आढळली. गर्भाच्या तळहातावर व बोटांच्या टोकांशी लहान उंचवटे असतात. रेषा उमटताना त्यांच्या आकारानुसार वळतात. उंचवटा ठळक असल्यास चक्र, मध्यम असल्यास शंख, बसका असल्यास कमान, असे स्थूलमानाने समजावे. हे निष्कर्ष १९२६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी सहकारी चार्ल्स मिडलो यांच्यासमवेत त्यांनी या विषयास 'डर्मॅटोग्लिफिक्स' हे नाव दिले. दोघांचा ग्रंथ १९४३ मध्ये निघाला.

या रेषा गर्भाच्या तिसऱ्या महिन्यात उमटू लागतात व पाचव्या महिन्याच्या सुमारास कायम होतात. सुश्रुतांनी तिसऱ्या महिन्यात हात, पाय व शिर यांचे पाच पिंड आणि चौथ्यात अंगप्रत्यंगांची स्पष्टता सांगितली आहे. कालाचे हे साम्य लक्षणीय खरे. परंतु त्यावरून सुश्रुतांस त्वचारेखांचे ज्ञान होते असे म्हणणे आम्हास प्रामाणिकपणाचे वाटत नाही. रेषांचा साचा त्वचेच्या खोल थरात असतो. म्हणूनच ऊसतोडीहून परतलेल्या मजुराचा अंगठा रेशन दुकानातील यंत्र घेत नसले, तरी हातास विश्रांती मिळताच त्याच रेषा पुन्हा वर येतात.

चिकित्सकास सर्वाधिक उपयोगी असे त्यांचे काम १९३६ चे. आज ज्यास डाऊन सिंड्रोम म्हणतात त्या मुलांच्या हातांवरील रेषांची ठेवण निराळी असते, हे त्यांनी दाखविले. बहुतेक बोटांवर करंगळीच्या बाजूस उघडणारे शंख असतात आणि मनगटाजवळ जेथे तीन दिशांच्या रेषा मिळतात तो बिंदू वर, तळहाताच्या मध्याकडे सरकलेला असतो. एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत पॅरिसमधील मार्थ गोतिये, जेरोम लेजून व सहकारी यांच्या कामातून १९५९ मध्ये पुढे आली. म्हणजे हातावरील खूण त्याआधी तेवीस वर्षे नोंदली गेली होती. तळहातावरील एकच आडवी घडी सर्वांस ठाऊक असते, परंतु ती काही निरोगी माणसांतही आढळते. एकट्या घडीवरून निदान करू नये. तिरके डोळे, चपटे नाक, शैथिल्य, विलंबित वाढ हे सारे एकत्र पाहावे आणि गुणसूत्र तपासणीस पाठवावे.

येथे आमची चूक सांगणे उचित होईल. मलावष्टंभाकरिता सात महिन्यांचे एक बालक आमच्याकडे आणले गेले. मान धरत नव्हते. आम्ही अग्निमांद्य व वातप्रकोप समजून औषध दिले, अभ्यंग सांगितला. सहा आठवड्यांनी एकदा तेल लावण्याची रीत आईस दाखविताना मूठ उघडली, तेव्हा तळहात नीट पाहिला. पुढे तपासणीत डाऊन सिंड्रोम निघाला आणि थायरॉइडही मंद होते, ज्याचा उपचार त्या वयात एक दिवसही लांबवू नये. अशा मुलांपैकी ४० ते ५० टक्क्यांत हृदयाचा जन्मजात दोष असतो. म्हणून हृदयाची तपासणीही लगेच करून घ्यावी.

आता त्या भलत्या कामाविषयी. 'लातूर पॅटर्न'च्या गावात आणि नांदेडच्या शिकवणी वर्गांभोवती दहावी-बारावीच्या पालकांस बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी व करिअर सांगणाऱ्या चाचण्या विकल्या जातात. पत्रकांत कमिन्स यांचे नाव असते. त्यांनी हातावरून गर्भाची वाढ वाचली; मुलगी डॉक्टर होईल की वकील, हे त्यांच्या कामातून निघत नाही, आणि या चाचण्यांस आधार देणारा विश्वासार्ह पुरावाही नाही. आमच्या एका रुग्णाच्या मुलीने अशा अहवालानंतर जीवशास्त्र सोडले होते. वडिलांनी अहवाल आमच्यापुढे ठेवला, तेव्हा आम्ही तिची दहावीची गुणपत्रिका मागितली. विज्ञानात तिला ९१ गुण होते.

औषधी दुकानदार बंधूंस विनंती की अशी पत्रके गल्ल्याजवळ ठेवू नयेत. आमच्याकडे आलेल्या प्रतिनिधीने प्रत्येक मुलामागे रोख रक्कम देऊ केली होती. ती आपणांसही देऊ केली जाईल.